बुट्टीतलं कासव

राजाजीनगरात माझ्या मालनआत्याला तिच्या नावानं ओळखणारे लोक फार थोडे होते. शेजारपाजारची कानडी मंडळी तिला ‘आमे अक्का’ म्हणत, म्हणजे कासववाली ताई. कुणाच्या परसात, गटारात, घराच्या पायासाठी खणलेल्या चरात कासव निघालं की ते बादलीत नाहीतर पिशवीत घालून लोक तिच्या दारात आणून ठेवत. त्या वर्षांत कासवं निघायचीही फार. बेंगळूर चहूबाजूंनी वाढत होतं. तळी आटवून तिथं प्लॉट पाडले जात होते, आणि कासवं आपलं तळं शोधत लोकांच्या मोरीपर्यंत येत होती.

आत्या हातातलं काम टाकून उठायची. पदराला हात पुसून बादलीत डोकावायची आणि आणणाऱ्याला आधी चार शब्द सुनावायची, कारण कासव हमखास चुकीचं ठेवलेलं असायचं. माळावरचं पाण्यात आणि पाण्यातलं कोरड्यात.

“पाय आधी बघायचे,” ती मला सांगायची. “पाठ बघून माणूस भुलतो. पायाच्या बोटांच्या मधी कातडं दिसलं तर ते पाण्यातलं. पाय खांबासारखे, बोटं नाहीत, नुसती नखं दिसतात, तर ते जमिनीवरचं. त्याला पोहता येत नाही. मग पाठ बघ. उंच घुमट, त्यावर पिवळ्या चांदण्या, तर ते होसकोट्याच्या माळावरचं. काळी टणक पाठ आणि तिच्यावर लांबीला तीन उंच रेघा, ते डबक्यातलं. ते रात्री जमिनीवर हिंडतं, म्हणून लोक फसतात. आणि पाठ चपटी, कड मऊ, तर पालथं करून बघ. मागचे पाय झाकायला दोन पडदे असतील. ते चिखलात राहतं. बोट जवळ नेऊ नको, तोडेल.”

लोकांना हा तिचा छंद वाटायचा. गल्लीतले मास्तर तर कौतुकानं म्हणायचे, बाईंना प्राण्यांची आवड आहे. कसली आवड! तिला कासवाचा वाससुद्धा सहन होत नसे. प्रत्येक कासव परत पाठवल्यावर ती साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची. तिला जात ठरवायची होती ती एकाच कासवाची, आणि ते कासव तिनं कधी पाहिलेलंच नव्हतं.

आमची घरं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं आली आणि इथंच राहिली. मराठी घरात उरली, तीही निम्मी कानडी होऊन. पण रीतभात मात्र आम्ही अशी जपली की मूळ गावचे लोकसुद्धा हसतील. त्यातलीच एक रीत विहिरीची. नवी विहीर खणली की तिचं पाणी पिण्याआधी तिच्यात कासव सोडायचं. ते पाणी साफ ठेवतं, किडे-शेवाळ खातं, आणि ते विहिरीत आहे तोवर घर नांदतं. इथवर ठीक आहे, असं पुष्कळ ठिकाणी करतात. आमच्या आत्याच्या सासरी मात्र पुढची एक पायरी होती. कासव हे घरी येणारी नवी सून, म्हणून पाण्यात उतरेपर्यंत तिचं तोंड कुणी पाहायचं नाही. ज्यानं आणलं त्यानं पाहिलं असणारच, पण त्यानं ते कसं होतं हे कुणाला सांगायचं नाही. बुट्टीत, म्हणजे वेताच्या टोपलीत ते ठेवायचं, वर खण झाकायचा, बुट्टी दोरीनं विहिरीत सोडायची, आणि मुलगा असलेल्या सुनेनं विहिरीकडे पाठ करून दोरीला हिसका द्यायचा. पाण्यात पडल्याचा आवाज आला की काम झालं.

आत्याचं लग्न विश्वासरावांशी झालं होतं. ते एका कापडगिरणीत टाइमकीपर होते, इस्त्रीचे कपडे, कमी बोलणं, घरात कधी आवाज नाही. लोक त्यांना सज्जन म्हणत. चोपन्न साली त्यांनी राजाजीनगरात घर बांधलं. तेव्हा तिकडे रस्त्यावरचा नळ लांब होता आणि त्याला पाणी कमी, म्हणून पुढच्या वर्षी परसात विहीर खणली. विहिरीचं कासव आणलं विश्वासरावांच्या धाकट्या भावानं, मल्हाररावांनी. ते होसकोट्याकडे कामावर होते. सासू सकवारबाई, हळदीकुंकू लावलेली बुट्टी, बत्तासे, शेजारणी, असा छान थाट झाला. आत्यानं पाठ फिरवून हिसका दिला. धप्प आवाज झाला. तिच्या सहा वर्षांच्या मुलानं, व्यंकोजीनं, टाळ्या वाजवल्या आणि विहिरीत वाकून बघायला धावला म्हणून आजीची चापट खाल्ली.

महिना-दीड महिन्यात दोघा भावांचं परसातल्या जागेवरून बिनसलं आणि मल्हारराव हुबळीला निघून गेले. त्याच सुमारास विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. आधी कुणी मनावर घेतलं नाही. नव्या विहिरीचं पाणी असंच असतं म्हणाले, तुरटी टाकली. मग घरात सगळ्यांची पोटं बिघडली. मोठी माणसं सावरली, व्यंकोजी सावरला नाही. त्याला हगवण लागली, ताप चढला, तो सारखा पाणी पाणी करत होता. डॉक्टर आले तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते. डॉक्टर एवढंच म्हणाले की हे पाण्यातून झालंय. आणि व्यंकोजी गेला.

आता दोष कुठंतरी जायला हवा होता. आमच्या घरांतला दोष फार शहाणा असतो, तो रक्ताच्या नात्याला कधी चिकटत नाही, नेमका बाहेरून आलेल्या सुनेकडं चालत जातो. सकवारबाई म्हणाल्या, “पाण्यातलं असतं तर एकदा तरी वर येऊन तोंड दाखवलं असतं. कुणाला दिसलं काय? जमिनीवरचं होतं ते. बुडून मेलं, कुजलं, नि ते पाणी माझ्या नातवाच्या पोटात गेलं.” गळ टाकून पाहिला, नुसता चिखल वर आला. कासव न सापडणं हाच पुरावा ठरला. मग, आणलं कुणी, हा प्रश्न कुणी विचारला नाही. सोडलं कुणी, एवढाच विचारला. मुलगा असलेल्या बाईच्या हातानं सोडतात, तिच्याच हातात खोट होती म्हणून तिचाच मुलगा गेला, असा तो हिशेब.

सकवारबाईंनी फार आरडाओरडा केला नाही. त्यांनी एक गोष्ट ठरवली. मालनच्या हातचं पाणी घरात कुणी प्यायचं नाही. ती रस्त्यावरच्या नळावरून घागरी आणायची, आमटीत पाणी तिचंच, भातात तिचंच, ते चालायचं. पेल्यात ओतलेलं चालायचं नाही. सासू आपला तांब्या आपण भरून घ्यायची, विश्वासरावही उठून आपला पेला आपण भरायचे. पाहुणा आला आणि आत्या पाणी घेऊन निघाली की सकवारबाई आतून म्हणायच्या, “ठेव तिथं, मी देते.” मी सुट्टीत राहायला जायची तेव्हा मुद्दाम म्हातारीसमोर आत्याकडं पाणी मागायची आणि घटाघट प्यायची. आत्या मला चिमटा काढायची, पण तिचे डोळे भरून यायचे, आणि मला त्या घरातल्या एकूणएक माणसाचा संताप यायचा.

विश्वासराव कधीच काही बोलले नाहीत. त्यांनी नळाचं पाणी घरात घेतल्यावर विहीर बुजवून टाकली. घर बांधताना उरलेले विटांचे तुकडे, माती, सगळं त्यात गेलं. वरून फरशी घातली. पुन्हा मूल झालं नाही.

आत्याला शाळा चौथीपर्यंतची. पण बाई मुळातच हट्टी. तिच्या डोक्यात एकच किडा शिरला होता, ते कासव कुठलं होतं? जमिनीवरचं होतं तर मीच मारलं पोराला. पाण्यातलं होतं तर नाही. ती येलहंक्याला तिच्या मावशीकडं जायची तेव्हा तळ्यावर जाऊन जाळेवाल्यांच्या टोपल्यांत हात घालून बघायची. होसकोट्याच्या बाजारात गुडघ्यावर बसून कासवांना पालथं करायची. कानडी तिला लुगड्याच्या दुकानापुरती येत होती, ती तिनं कासवांच्या चौकशा करून करून वाढवली. येलहंक्याच्या एका जाळेवाल्यानं तिला सांगितलं की चपट्या पाठीचं कासव चिखलात शिरून बसतं, श्वासाला वर येतं ते नाकाचं टोक काढून पुन्हा खाली, वर्ष वर्ष माणसाला दिसत नाही. त्या दिवशी ती माझ्या घरी आली आणि धड जेवलीही नाही. “न दिसणारं पण असतंय गे अहल्या,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मी म्हटलं, मग मल्हाररावांना पत्र टाका की. त्यांनी पाहिलंय ना?

“ह्यांना म्हटलं मी,” ती म्हणाली. “म्हणतात, कशाला उकरायचं? आईला कळलं तर? रीत मोडेल.”

मला तेव्हा विश्वासरावांचा राग आला, पण भित्रा माणूस म्हणून आला. आईला घाबरणारे पुरुष आमच्याकडं पैशाला पासरी. त्यापलीकडं काही असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

पासष्ट साली सकवारबाई गेल्या. शेवटच्या दिवशी त्यांची जीभ कोरडी पडली होती. आत्या चमचा घेऊन उशाशी बसली होती आणि म्हातारीनं तोंड घट्ट मिटून घेतलं. शेजारच्या गंगव्वानं चमचा हातात घेतला तेव्हा उघडलं. अंथरुणाला खिळल्यापासून ज्या सुनेनं हगणंमुतणं काढलं तिच्या हातचे दोन थेंब नकोत म्हणून मरताना ओठ आवळायचे, एवढी ताकद मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. देव त्यांचं भलं करो, मला नाही जमणार. विश्वासराव खोलीतच होते. ते खिडकीबाहेर बघत होते.

आईच्या तेराव्याला मल्हारराव आले. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, बडबड तीच. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. मल्हारराव व्हरांड्यात पान जमवत बसले होते, विश्वासराव आरामखुर्चीत डोळे मिटून होते आणि मी पत्रावळी गोळा करत होते. आत्या हात पुसत बाहेर आली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

“भावजी, एक विचारायचं होतं.”

“विचारा की वैनी.”

“ते कासव. बुट्टीतलं.”

मल्हाररावांनी भावाकडं पाहिलं. “ते बोलायचं नसतंय वैनी.”

“ज्यांच्यासाठी बोलायचं नव्हतं त्या गेल्या,” आत्या म्हणाली. “आता मी सांगते, बोला.”

विश्वासरावांनी डोळे उघडले. “मालन, आज नको. आज तेरावं आहे आईचं.”

“आजच. भावजी, पाय कसे होते?”

मल्हाररावांनी पान गालात सरकवलं. त्यांना गोष्ट सांगायला आवडायची आणि ही गोष्ट दहा वर्षं पोटात दाबून ठेवलेली होती. “पाय म्हणजे, होसकोट्याच्या तळ्यावर जाळेवाल्याकडनं घेतलं मी ते. माझा अंगठा धरला की त्यानं! तेव्हा बघितलं पाय. बदकाचे असतात तसे, बोटांच्या मधी कातडं. हे बघा, खूण आहे अजून.”

“पाठ?”

“चपटी. कडेला मऊ, ओली चामड्याची चप्पल असते तशी.”

“पिवळ्या चांदण्या होत्या?”

“कसल्या चांदण्या वैनी? साधी पाठ, मातकट हिरवी. दिसायला काही सुंदर नव्हतं ते, मला तर वाटलं आई नावं ठेवेल, बरं झालं झाकून न्यायचं असतंय.”

“पालथं केलं होतं?”

“त्या जाळेवाल्यानं केलं की, गंमत दाखवायला. मागनं दोन झाकणं सरकली नि पाय आत बंद. हसलो आम्ही.”

मी हातातल्या पत्रावळी तिथंच टाकल्या. “आत्या, पाण्यातलं! पाण्यातलंच होतं ते!” मी जवळजवळ ओरडले. मला नाचावंसं वाटत होतं. दहा वर्षांनी ती सुटली होती. मला वाटलं ती रडेल, हसेल, निदान खाली बसेल.

आत्या खाली बसली, पण तिच्या चेहऱ्यावर मला हवं होतं त्यातलं काही नव्हतं. ती परसाच्या दिशेनं बघत होती.

“म्हणजे ते जिवंत होतं,” ती म्हणाली. “विहीर बुजवली तेव्हा चिखलात बसलेलं असेल. त्याच्यावर विटा टाकल्या आपण.”

मग ती सावकाश म्हणाली, “ते मेलं नाही, कुजलं नाही. मग पाणी कशानं नासलं?”

हा प्रश्न तिनं कुणालाच विचारला नव्हता, स्वतःशीच मोठ्यानं बोलली होती. उत्तर मल्हाररावांनी दिलं, आणि ते देताना आपण काय करतोय हे त्या माणसाच्या ध्यानातही नव्हतं. ते भावाकडं वळून म्हणाले, “दादा, म्हणजे संडासाचा खड्डा तू शेवटी तिथंच घेतलास होय? मेस्त्री तुझ्यासमोर सांगत होता की, उतार विहिरीकडं आहे, इथं नको, झिरपून पाण्यात उतरेल. मी पलीकडचा कोपरा म्हणत होतो. तुला त्या कोपऱ्यात भाड्यानं द्यायला खोली पाहिजे होती. त्यावरनंच तर आपलं वाजलं.”

विश्वासराव उठून उभे राहिले. धोतराचा सोगा नीट केला. “तेव्हा असं नक्की कुणाला माहीत होतं?” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच शांत होता.

“कुणालाच नव्हतं,” आत्या म्हणाली. “पण व्यंकोजीचं झाल्यावर त्याच आठवड्यात तुम्ही तो खड्डा बुजवलात आणि पलीकडच्या कोपऱ्यात नवा खणून घेतलात. खोलीचं पुन्हा नाव काढलं नाहीत. मला वाटलं, दुःखात माणूस काहीतरी करत सुटतो. मला दया आली तुमची.”

“मालन, आई होती तोवर...”

“आईंना मधी आणू नका. त्यांना ते, खोटं का होईना, खरं वाटत होतं. तुम्हाला नव्हतं वाटत. तुम्ही माझ्यादेखत रोज उठून आपला पेला आपण भरून घेत होता.”

मल्हाररावांना आता कुठं उमगलं असावं. ते पान थुंकायला गेले ते फाटकाशीच उभे राहिले. मी आत जायला हवं होतं, पण माझा पाय निघेना. मला विश्वासरावांच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं. त्यांचा सदरा धरून ओरडावंसं वाटत होतं. आत्या मात्र ओरडली नाही. बादलीतल्या कासवावरून शेजाऱ्यांना दहा शब्द सुनावणारी ही बाई, तिनं आवाजसुद्धा चढवला नाही.

“त्या दिवशी तो पाणी मागत होता,” ती म्हणाली. “मी पेल्यामागून पेला देत होते. त्याच विहिरीचं. तुम्ही दारात उभे होता. मी म्हटलं, अहो, जरा धरा ह्याला, मी आणखी भरून आणते.”

विश्वासरावांनी खुर्चीच्या पाठीला हात लावला.

“तुम्ही आत आलात,” आत्या म्हणाली, “आणि धरलंत.”